मिशीवाले मासे

१४ नोव्हेंबर

वाल्मिक भाऊजी आज केडगावहून आले आणि मला न विचारता माझ्या मोठ्या टाकीत चार बेडूक सोडून गेले. मी आत चहा टाकत होते. बाहेर येऊन बघते तर हे आणि भाऊजी, दोघे भाऊ टाकीसमोर उभे राहून हसतायत.

माझी टाकी. गोठा धुतला मी, चुना मारला मी, शोभेचे मासे पाळायची कल्पना माझी, प्रशिक्षणाला एस्टीचे धक्के खात गेले तीही मीच. भाऊजींचं केडगावात माशांचं दुकान आहे, माझे गप्पी-मॉली तेच घेतात. पण म्हणून काय टाकीही त्यांचीच झाली? ह्यांनी तर नेहमीप्रमाणे मान हलवली असणार. कल्याणराव आमचे. कुणी उद्या घराचं दार काढून नेलं तरी मान हलवतील आणि वर पाणी विचारतील.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे पाण्यातलेच बेडूक हायेत, आफ्रिकेतले. भायेर निघत न्हाईत. माशांसंगं गुण्यागोविंदानं राहत्यात. चार दिवस ठेवा, गिऱ्हाईक आलं की नेतो." खाकी रंगाचे आहेत, लिंबाएवढे, चपटे. डोळे डोक्यावर. पुढचे हात बारीक आणि बोटं माणसासारखी सुटी. मागच्या पायांना काळी नखं. बेडकाला नखं असतात हे मला माहीत नव्हतं.

२३ नोव्हेंबर

भाऊजींचं गिऱ्हाईक काही आलं नाही.

खरं सांगायचं तर बेडूक दिसतात बरे. पाण्यात हातपाय पसरून नुसते तरंगत राहतात, मग एकदम वर येऊन श्वास घेतात आणि दगडासारखे खाली जातात. हे जेवण झालं की स्टूल घेऊन टाकीसमोर बसतात. माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलत नाहीत तेवढं त्या बेडकांशी बोलतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाईही उन्हाला म्हणून गोठ्याच्या दारातच बसतात आणि तूर निवडत टाकीकडे बघत राहतात. त्यांची म्हैस ह्याच जागेवर बांधलेली असायची. ती विकली ते माझ्यामुळे, हे त्या बोलत नाहीत, पण बसतात मात्र बरोबर तिथेच.

३ डिसेंबर

केशरी मॉली कमी दिसतायत. थंडी फार पडली आहे आणि लाईट पहाटे जाते, मग हिटर बंद. वीज मंडळाला काय कळणार मासा गारठतो ते. सकाळी मोठ्याने बोलले तर हे म्हणाले, "शेतीलाच न्हाई येत, माशाला कुठनं येनार." म्हणजे माझे मासे शेती नाहीत. लेकीची नर्सिंगची फी गेल्या वर्षी कशावर भरली ते विसरले.

११ डिसेंबर

मासा मेला तर वर तरंगतो. तळाशी पडला तर दिसतो. माझे मासे मरत नाहीयेत, जातायत. काल दोन प्लॅटी होत्या, आज नाहीत. टाकीला वरून जाळी आहे, पण एका कोपऱ्यात ती उचलली जाते.

आज गोठ्यात मांजर दिसलं. आत्याबाईंच्या पायाशी बसलेलं. त्या त्याला भाकरीचा तुकडा घालत होत्या. मी बघत राहिले.

१६ डिसेंबर

मॉली परत आहेत. दोन प्लॅटीही. मी मोजायला चुकले असणार. पण एका मॉलीच्या शेपटीवर काळे ठिपके आहेत, ते मला आठवत नाहीत. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, दगडामागं लपत असतील, थंडीत माशाचा रंग बदलतो. हे कधीपासून माशांतले जाणकार झाले? मोटरचा स्टार्टर दुरुस्त करायला म्हणून परवा नगरला गेले आणि दिवस घालवून आले. स्टार्टर अजून तसाच आहे. एक काम धड होत नाही.

२७ डिसेंबर

आज मी बोलले.

ठिपकेवाली मॉली गेली, प्लॅटी गेल्या, एंजलच्या जोडीतला एक गेला. ती जोडी मी पिल्लं असल्यापासून वाढवली होती. मांजर गोठ्याच्या दारात अंग चाटत बसलं होतं आणि आत्याबाई त्याच्या शेजारी. मी म्हटलं, "तुम्हाला माझे मासे इथं नकोत, तर तसं तोंडावर सांगा. मांजराला घालू नका."

त्या आधी समजल्याच नाहीत. समजल्या तेव्हा सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "मांजार न्हाई गं. त्या बेडकानं खाल्ला. म्या बघितलं. दोन्ही हातांनी धरून तोंडात कोंबला त्यानं."

मी हसले. बेडूक जीभ फेकून माशी पकडतो, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. हातांनी धरून जेवायला तो काय पंगतीला बसलाय? मी हे सगळं त्यांना सुनावलं. म्हैस गेल्याचा राग माशांवर काढता, असंही म्हटलं. जरा जास्त मोठ्याने म्हटलं, कारण शेजारच्या वस्तीवरचा बजरंग बांधावर थांबून ऐकत होता. त्याला आमच्या घरातलं ऐकायला फार आवडतं. पाइपलाइनच्या भांडणापासून त्याचं आमचं बोलणं बंद आहे, पण कान उघडे असतात.

२९ डिसेंबर

आत्याबाई कोपरगावला माझ्या नणंदेकडे गेल्या. ह्यांनी मिरजगावच्या स्टँडवर सोडलं. जाताना मला म्हणाल्या, "दुधाला इरजन लावलंय, हलवू नको." बस्स, तेवढंच. मला वाटलं होतं रडतील, बोल लावतील. काहीच नाही. हे असं गप्प जाणं म्हणजेही एक प्रकारचा टोमणाच असतो.

मांजर अजून इथेच आहे.

६ जानेवारी

मी पाहिलं.

सकाळी फीड घालायला गेले. सगळ्यात मोठा बेडूक तळाशी बसला होता आणि त्याच्या तोंडातून माझ्या दुसऱ्या एंजलची शेपटी बाहेर आली होती. तो ती दोन्ही हातांनी आत ढकलत होता. अगदी माणसासारखा. घास मोठा झाला की आपण बोटांनी लोटतो, तसा.

मी काय ओरडले ते आठवत नाही. हे गोठ्यात पळत आले, त्यांना वाटलं करंट बसला. मी म्हटलं, हे बेडूक आत्ताच्या आत्ता माझ्या डोळ्यांसमोरून न्या. फेका. ते म्हणाले, कुठं फेकू? म्हटलं, कुठंही, मला दिसले नाही पाहिजेत. ते बादली घेऊन आले आणि एकेकाला अलगद धरून बादलीत ठेवत बसले, जणू देवाचे टाक. माळकरी आहेत, मुंगी चालली तर पाय उचलतात. मला तेही सहन होईना, म्हणून मी घरात आले.

आत्याबाईंना फोन करावा म्हणून हातात घेतला. रेंज नव्हती. मग वाल्मिक भाऊजींना लावला आणि चांगलं झाडलं. ते म्हणाले, "वहिनी, बारका असतो तवर राहतो की गुण्यागोविंदानं. आता मोठा झाला त्याला मी काय करू?" हा माणूस दुकान चालवतो.

२१ जानेवारी

टाकी शांत आहे. गप्पींना पिल्लं झाली. नवीन मॉली आणल्या. माझ्या पैशांनी आणि भाऊजींकडून नाही, दुसरीकडून.

ह्यांनी आज सहज म्हणून विचारलं, आईला आणू का. मी म्हटलं, त्यांना यायचं तर त्या येतील, मी थोडीच हाकललं?

५ मार्च

आज बऱ्याच दिवसांनी वहीत काही चांगलं लिहायला मिळालं.

शेततळ्यावर बादली भरायला गेले होते. कडेला, तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाजवळ पाण्यात काहीतरी हलताना दिसलं. बादलीत घेतलं तर मासे. काचेसारखे पारदर्शक, आतडीसुद्धा दिसतात, आणि तोंडाला दोन लांब मिशा. डोकं खाली करून पाण्यात तिरके उभे राहतात आणि शेपटीचं टोक सारखं थरथरवतात. थवेच्या थवे आहेत. शोभेच्या माशात असा मासा मी पाहिलेला नाही. बगळ्यांच्या पायांना चिकटून माशांची अंडी येतात असं प्रशिक्षणात कुणीतरी म्हणालं होतं. तसंच झालं असणार.

देव कधीतरी माझ्याकडेही बघतो.

१२ मार्च

शंभरेक पिल्लं मोठ्या टाकीत आणली. अंड्याचा पिवळा बलक, पालकाची पूड, सगळं खातात. माझ्या हाताला गुण आहे असं सुकन्या मॅडम म्हणायच्या. त्या प्रशिक्षणात मासेपालन शिकवायच्या, आता पुण्याला असतात. त्यांना फोटो पाठवणार होते. पण त्यांनी ग्रुपवर टाकला तर उद्या सगळा तालुका मिशीवाले मासे शोधत फिरेल. आधी वाढवते, मग सांगते.

ह्यांना टाकी दाखवली. म्हटलं, बघा, आपल्याच शेततळ्यातले. ते खूप वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, शेततळ्यातले? पुन्हा एकदा विचारलं, नक्की शेततळ्यातले? मी म्हटलं, नाहीतर काय आकाशातले. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. बायकोचं चांगलं झालं की ह्यांची भूक मरते.

१७ एप्रिल

पिल्लांना पाय फुटले. आठवड्यापासून मागे बारीक काड्या दिसत होत्या, मी म्हटलं पर असतील. आज एकाचे पुढचे हातही बाहेर आलेत. बारीक, बोटं सुटी. मिशा आखडत चालल्यात. डोळे वर सरकतायत. मी ज्यांना महिनाभर अंड्याचा बलक चारला ते बेडूक आहेत.

ह्यांना शेतातून बोलावलं. टाकीपुढे उभं केलं आणि विचारलं, ते चार बेडूक तुम्ही कुठं फेकले?

म्हणाले, "शेततळ्यात."

मी जे तोंडाला येईल ते बोलले. माणूस म्हणून, शेतकरी म्हणून, नवरा म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही. लिंबाच्या बागेचं पाणी, उभ्या उन्हाळ्याची भिस्त त्या तळ्यावर, आणि तुम्ही त्यात राक्षस सोडलेत. ते ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "मारायचं मला जमत न्हाई. तुला म्या इचारलं हुतं कुठं फेकू. तू म्हनलीस कुठंबी."

एवढंच. आवाजही चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

आणि मार्चपासून ह्यांना कळलेलं होतं. महिन्याच्या वर. मी विचारलं का नाही सांगितलं. म्हणाले, तू लई खूश हुतीस.

१८ एप्रिल

सुकन्या मॅडमना फोटो पाठवले. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. मॅडम कधी घाबरत नाहीत, आज त्यांचा आवाज वेगळा होता.

हे बेडूक पाण्यातलं काहीही खातात. मासे, किडे, आपल्या बेडकांची पिल्लं, स्वतःची पिल्लंसुद्धा. वर्षानुवर्षं जगतात. ह्यांच्या कातडीवर एक रोग असू शकतो, तो ह्यांना काही करत नाही पण दुसऱ्या बेडकांना मारतो. दुसऱ्या देशांत असेच कुणीतरी सोडले आणि नद्याच्या नद्या ह्यांच्या झाल्या. मी म्हटलं, पण हे पाण्याबाहेर येत नाहीत ना? त्या म्हणाल्या, ओलं असलं की येतात, चालत जातात. तुमचं तळं भरून वाहिलं की पाणी कुठे जातं?

ओढ्यात. ओढा पुढे सीना नदीला मिळतो.

मॅडम म्हणाल्या, "राजेश्वरी, पाऊस लागायच्या आत ते तळं कोरडं करावं लागेल. जाळं टाकून सगळे निघणार नाहीत. पाणी ओढ्यात सोडू नका, शेतात सोडा. तापलेल्या मातीत पिल्लं जगत नाहीत."

मी फोन ठेवला आणि बागेकडे बघत बसले. लिंबं आता भरायला लागलीत. सगळ्या वर्षाचा भाव ह्या दोन महिन्यांचा असतो. ते पाणी गेलं तर झाडाला टँकर आणून पाजायची आमची ऐपत नाही.

२३ एप्रिल

घरात बोलणं नाही. भांडी बोलतात.

हे म्हणतात, तळ्यातलं पाणी सोडलं तर लिंबं जातील, आणि बेडूक ते बेडूकच, पावसाळ्यात लाखांनी असतात, त्यात चार भर. मी म्हटलं, तुमच्या चाराचे आज किती झाले ते बघून या. ते गेले, बघून आले, आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

बजरंगला कुठून तरी कळलं. बांधावरून मोठ्याने त्याच्या बायकोला सांगत होता की बेडकाला भिऊन तळं उपसणारी बाई त्याने जन्मात पाहिली नाही. मी दगड उचलला होता. टाकला नाही. पण उचलला होता.

मला सगळ्यांचा राग येतोय. वाल्मिकचा, ह्यांचा, बजरंगचा, त्या बेडकांचा, जे आपापलं पोट भरतायत आणि ज्यांना आफ्रिकेतून इथं यायचं नव्हतंच. ज्याच्यावर काढावा असा एकही नीट सापडत नाही.

२७ एप्रिल

आत्याबाई आल्या. कुणी आणायला गेलं नव्हतं. ह्यांनी फोनवर सांगितलं असणार. रिक्षातून उतरल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि चपला न काढता सरळ तळ्याकडे गेल्या. मी मागोमाग गेले. त्या जाळीच्या कुंपणाला धरून बराच वेळ उभ्या होत्या. कागदाच्या कडेला पाण्यातून एकेक डोकं वर येत होतं, श्वास घेऊन खाली जात होतं.

मी म्हटलं, "आत्याबाई, ते मासे..."

"व्हय, बेडकानंच खाल्ले. म्या तवाच सांगितलं हुतं." आणि मग, "चा टाक. लांबून आले."

मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. तयारही होतं. त्या चालायला लागल्या.

चहा पिताना त्यांनी सांगितलं, तळं उपसायचं. ह्यांनी लिंबांचं नाव काढलं तर म्हणाल्या, "लिंबं म्या लावल्याती, मला नको शिकवू." आणि पाणी आपल्याच बागेत ओतून चिखल करू नका, एका वेळी झाड पिऊन पिऊन किती पिणार, उरलेलं बजरंगाच्या बागेला द्या, त्याची विहीर मार्चमध्येच आटली. माझ्या हातातली बशी कलंडली. बजरंगला? ज्याने आमची पाइपलाइन त्याच्या बांधावरून जाऊ दिली नाही त्याला? त्या म्हणाल्या, "त्याच्या झाडांनी काय केलंय तुझं?"

मी आज जेवले नाही. पण पाइप मोजायला हे गेले तेव्हा टोक मी धरलं.

१ मे

बजरंगला सांगायला मीच गेले. ह्यांना पाठवलं असतं तर दोघे पाण्यावर, हवेवर बोलून परत आले असते.

तो ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, आमचं तळं रिकामं करतोय, पाणी हवं असेल तर बांधावरून पाइप टाकू दे. त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मग वाटलं पाण्यात औषध पडलंय. मी म्हटलं, बेडूक पडलेत, आणि पावसाआधी ते संपले नाहीत तर ओढ्यात मासा, बेडूक काही राहणार नाही. तू हस. पण पाइप टाकू दे.

तो हसला नाही. म्हणाला, "तुमची लिंबं?"

रडू येईल असं वाटलं आणि बजरंगसमोर रडायचं म्हणजे पाइपलाइनचं भांडण हरल्यासारखं. वळून निघाले. मागून त्याने बायकोला फावडं आणायला सांगितलेलं ऐकू आलं. दुपारी त्याने स्वतः बांध फोडून पाइपाला वाट करून दिली. चार वर्षं ज्या बांधासाठी कोर्टाची भाषा केली तो.

६ मे

लाईट येते तेवढा वेळ मोटर चालते. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला, फुटव्हॉल्व्हला, बारीक जाळी बांधली आहे, ती सारखी तुंबते, पिल्लांचा गाळ निघतो. हे पाण्यात उतरून साफ करतात, कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. कागद शेवाळाने इतका निसरडा झालाय की आज त्यांचा पाय गेला आणि ते डोक्यापर्यंत पाण्यात गेले. त्यांना पोहता येत नाही. मी दोर ओढला. बजरंग कुठून धावत आला, त्यानेही ओढला.

वर आल्यावर मी त्यांना आधी शिव्या दिल्या. नंतरही दिल्याच. पाणी पुसताना बघितलं तर त्यांच्या मुठीत एक बेडूक होता. पडतानाही सोडला नाही. मला विचारलं, "बादली कुठंय?"

११ मे

तळं संपलं. तळाला गुडघाभर गाळ आणि त्यात ते.

दिवसभर आम्ही गाळ चाळला. मी, हे, बजरंग, त्याची बायको. आत्याबाई वरून सांगत होत्या, इथं हलतंय, तिथं हलतंय. मोठे चारही सापडले. ते आता लिंबाएवढे राहिले नव्हते, सगळ्यात मोठा होता ती मादी निघाली, तिचा गोळा माझ्या एका हातात मावत नव्हता. लहान तर किती, मोजले नाहीत. पिंपं भरली. उरलेल्या गाळाला आता ऊन आहे. तो कडक होऊन फुटेपर्यंत रोज फिरून बघायचं असं मॅडमनी सांगितलंय.

मॅडमनी लवंगेचं तेल सांगितलं होतं. पाण्यात मिसळायचं, बेडूक झोपतात आणि झोपेतच जातात. एप्रिलपासून मी म्हणत आलेय की माझ्या हातांनी मारीन. आज बाटली उघडली तर वास आला, लेकीचा दात दुखायचा तेव्हा लावायचे तो. बराच वेळ बाटली धरून उभी राहिले. हे म्हणाले, "मी टाकले, मीच करतो." गळ्यातल्या माळेला हात लावला आणि बाटलीसाठी पुढे केला.

मी दिली नाही. तुम्ही तिकडे तोंड करून बसा, म्हटलं. ते पिंपाला टेकून पाठमोरे बसले. मी एकेक पिंप केलं. मोठी सगळ्यात शेवटी. ती वर आली, नेहमीसारखा श्वास घेतला आणि खाली गेली. मला तिच्यावर राग काढायचा होता. आला नाही. सगळं झाल्यावर टाकीतली माझी शंभर पिल्लंही केली. ती माझ्या हाताला ओळखायची, बोट बुडवलं की येत होती.

खड्डा बजरंगने खणला.

१९ मे

लिंबं गळतायत. सकाळी झाडाखाली पिवळा सडा असतो. हे वेचून आणतात, आत्याबाई लोणचं घालतात. एवढं लोणचं कोण खाणार? बजरंगच्या बागेला अजून ओल आहे, त्याची फळं टिकलीत. आज त्याने पोतंभर लिंबं ओट्यावर आणून ठेवली आणि गेला. मला वाटलं परत नेऊन टाकावीत. आत्याबाईंनी चिरायला घेतली.

मी विळीपाशी बसले. म्हटलं, "मांजराचं मी उगाच बोलले." त्या म्हणाल्या, "मीठ दे."

२४ मे

आज केडगावला गेले होते. एंजलची नवी जोडी बघावी म्हणून आणि खरं म्हणजे वाल्मिक भाऊजींना समोरासमोर सांगावं म्हणून. हे म्हणाले मीही येतो. म्हटलं, मान हलवायला? पण आले.

दुकानात शिरले तर दारातच मोठी टाकी. गप्पी, टेट्रा, आणि त्यांच्यात बसलेले खाकी बेडूक. लिंबापेक्षाही लहान. वर चिठ्ठी: शांत स्वभाव, सर्व माशांसोबत राहतात. माझ्यासमोर एक बाई तिच्या मुलीसाठी दोन मागत होती आणि भाऊजी पिशवीत पाणी भरत होते.

मी त्या बाईला सगळं सांगितलं. एंजलपासून तळ्यापर्यंत. तिने पैसे परत घेतले. भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, घरची भानगड दुकानात नको. तुमी तळ्यात सोडले त्यात माझा काय दोष? माल आलाय, इकावा तर लागंल." हा मालच मी त्यांना मागे घ्यायला सांगितला, मॅडमचा नंबर दिला, गळलेली लिंबं पिशवीत नेली होती, त्यांचा वास घ्यायला लावला. ते हसले. म्हणाले, बरं बरं, बघू. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, बोला दादा, बेडूक बघायचेत का.

मी दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, बाहेर रस्त्यावर दाराच्या बरोबर मधोमध ठेवली आणि बसले. येईल त्याला विचारायचं, काय घ्यायला आलात? बेडूक म्हटला की सांगायचं. काही जण ऐकत होते, काही जण मला वेडी समजून कडेने आत जात होते. पुणे रोडची धूळ, ऊन, भाऊजींच्या शिव्या. भाऊजी बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, दादा, हिला ने घरी, लोक बघत्यात, दुकानाची इज्जत जाती.

मला माहीत होतं काय होणार. हे मान हलवणार, माझ्या दंडाला धरणार आणि म्हणणार, चल, जाऊ दे. एवढी वर्षं तेच ऐकत आलेय. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

हे दुकानात गेले. आत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. दुसरी खुर्ची घेऊन बाहेर आले, माझ्या शेजारी टेकवली, बसले आणि टोपी नीट केली. समोरून मोटरसायकल लावून एक माणूस येत होता, मागे त्याची पोरगी. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "पाव्हनं, बेडूक घ्यायचा असंल तर आधी इथं थांबा. मी सांगतो."